मत टाकलं, पण पोचलं का?

(परदेशात शिकायला आणि नोकरीला निघालेल्या तरुण-तरुणींच्या मेळाव्यातल्या भाषणाचं शब्दांकन)



व्हिसा कसा मिळवायचा, खोली कुठे घ्यायची, हलाल मटण कुठे मिळतं, हे सगळं तुम्हाला सांगणारे पुष्कळ जण आहेत. त्यामुळे मी एका वेगळ्या गोष्टीवर बोलणार आहे. तुम्ही परदेशात गेल्यावर तुमच्या मताचं काय होणार? आणि टपालाने मत द्यायची सोय असेल, तर ते वेळेत परत कसं पोचवायचं? विषय बारीक वाटेल. मलाही वाटायचा. म्हणूनच २०२४ साली माझी दोन मतं वाया गेली, तीही दोन महिन्यांत. ती कशी गेली ते आधी सांगतो.

मी खेड तालुक्यातला, रत्नागिरी जिल्ह्यातला. अभियांत्रिकी शिकलो आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी २०१९ मध्ये ब्रिटनला गेलो. पासपोर्ट आजही भारताचाच. परदेशस्थ मतदार म्हणून गावच्या मतदारयादीत माझं नाव आहे. ७ मे २०२४ ला रायगड मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं. आमचं गाव त्यातच येतं. सकाळी अब्बांनी व्हिडिओ कॉल केला आणि शाई लावलेलं बोट दाखवलं. मागून अम्मी म्हणाली, "तुझं नाव वाचलं त्यांनी यादीत. नाव आहे, माणूस नाही." मी ऑफिसला जायच्या गडबडीत होतो. हसलो आणि फोन ठेवला. परदेशातल्या भारतीय मतदाराने मत द्यायचं तर स्वतः गावच्या केंद्रावर हजर राहावं लागतं. जूनमध्ये बकरी ईदला यायचं ठरलं होतं. एका महिन्यात दोनदा येणं परवडणारं नव्हतं. हे माझं पहिलं मत.

दुसऱ्या मताची गोष्ट जास्त लागते, कारण ते माझ्या हातात होतं.

तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे तिथे शिकायला गेलेला भारतीय पासपोर्टवाला विद्यार्थीसुद्धा नाव नोंदवून मत देऊ शकतो. माझं नाव तिथल्या यादीत होतं.

२२ मे २०२४ ला पंतप्रधान सुनक यांनी निवडणूक जाहीर केली. मतदान ४ जुलैला. माझं खेडचं तिकीट ८ जूनचं होतं आणि परत जायचं होतं ७ जुलैला. म्हणजे मतदानाच्या दिवशी मी गावात असणार, हे मला २२ मेलाच कळलं होतं. हातात सतरा दिवस होते. मी काय केलं? "सहा आठवडे आहेत, बघू," म्हटलं. गावी आल्यावर १५ जूनला, ईदच्या दोन दिवस आधी, टपाली मतासाठी अर्ज केला आणि मतपत्रिका गावच्या पत्त्यावर मागवली. अर्जाची अंतिम मुदत १९ जून होती. मुदतीच्या चार दिवस आधी अर्ज केला, म्हणून स्वतःवर खूशही झालो.

पाकीट १ जुलैला आलं. सोमवार होता, पाऊस कोसळत होता आणि पोस्टमन ओल्या रेनकोटच्या आतून ते पाकीट काढत होता. मी लगेच मतपत्रिका भरली, जन्मतारीख लिहिली, सही केली आणि भरणे नाक्यावरून मुंबईची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरिअरवाल्यासमोर उभा राहिलो. त्याने पत्ता वाचला आणि म्हणाला, "चार ते पाच कामाचे दिवस." मी म्हटलं, "परवा पोचायला पाहिजे." तो म्हणाला, "मग साहेब, तुम्हीच घेऊन जा."

तरी पैसे भरले. ८ जुलैला ते पोचल्याचा संदेश आला. ब्रिटनचा नियम असा, की टपाली मत मतदानाच्या दिवशी रात्री दहाच्या आत पोचलं पाहिजे. पाकिटावर कोणत्या तारखेचा शिक्का आहे याला तिथे किंमत नाही. तिथले रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अडीच. त्या रात्री मी गावच्या घरी जागाच होतो. माझं मत कुठल्यातरी गोदामात पडून होतं. चुकीचं नव्हतं, बाद नव्हतं, फक्त पोचलं नव्हतं. नमाज चुकली तर कजा पढता येते, मताची कजा नसते.

यात दोष कुणाला द्यायचा? पोस्टमनला नाही, पालिकेला नाही आणि कुरिअरवाल्यालाही नाही. माझं काम दिवसभर वेळा मोजण्याचं आहे. एक संदेश एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे जाऊन परत यायला किती वेळ लागतो, हे बघण्याचा पगार मला मिळतो. आणि स्वतःच्या मतपत्रिकेचा हिशेब मी केला नाही.

तो हिशेब आज तुमच्यासमोर करतो. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्याशिवाय मतपत्रिकेवर कुणाची नावं छापायची ते ठरत नाही. २०२४ ला ब्रिटनमध्ये ही मुदत ७ जूनला संपली. म्हणजे ७ जून ते ४ जुलै, एकूण सत्तावीस दिवस. यातच छपाई, पाकिटं भरणं, परदेशी जाणारं टपाल, आपलं उत्तर आणि परतीचं टपाल. एका बाजूला दहा-बारा दिवस धरले, तरी जाऊन-येऊन वीस-चोवीस दिवस गेले. उरले तीन ते सात. अर्जाला जेवढा उशीर केलात, तेवढे दिवस याच उरलेल्यांतून कापले जातात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, १९ जूनला, अर्ज केला असता तर हाती राहिले असते पंधरा दिवस. त्यात दोन समुद्र ओलांडायचे होते. कायद्याने मुदत दिली होती, टपालाने दिली नव्हती.

म्हणून माझी पहिली विनंती. दूर राहून मत देणाऱ्याने मतदानाची तारीख ही आपली तारीख समजू नये. त्याची तारीख निवडणूक जाहीर होते त्याच दिवशी सुरू होते, आणि तिथून मागे मोजायचं असतं.

हे फक्त माझ्यासारख्या आळशी माणसाचंच होतं असं समजू नका. जर्मनीत २३ फेब्रुवारी २०२५ ला मुदतीआधी निवडणूक झाली. संसद डिसेंबरच्या शेवटी बरखास्त झाली होती, त्यामुळे सगळ्या तारखा आवळल्या गेल्या. तिथे भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत पोचावी लागते. परदेशातल्या अनेक जर्मन नागरिकांना कोरी मतपत्रिकाच वेळेत मिळाली नाही. ब्रिटनमधले जर्मन राजदूत मिगेल बर्गर यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं, की त्यांची मतपत्रिका आली नाही आणि त्यांना मत देता आलं नाही. राजदूताची ही अवस्था! त्याच निवडणुकीत एका पक्षाला ४.९८ टक्के मतं मिळाली. संसदेत यायला पाच टक्के लागतात. तो पक्ष सुमारे साडेनऊ हजार मतांनी बाहेर राहिला.

अमेरिकेने या अडचणीवर कायदा केला. १९८६ च्या कायद्याने परदेशातल्या नागरिकांना टपालाने मत द्यायचा हक्क पक्का झाला. २००९ च्या दुरुस्तीने राज्यांवर बंधन आलं, की मतपत्रिका मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी रवाना झाली पाहिजे. ती आली नाहीच, तर एक राखीव मतपत्रिका असते. तिच्यावर उमेदवाराचं नाव हाताने लिहून पाठवायचं. आपल्यापैकी ज्यांचे भाऊ-बहिणी अमेरिकेचे नागरिक होऊन आता दुबईत किंवा पुण्यात काम करतात, त्यांना हे जरूर सांगा. मात्र तिथे राज्याराज्यांत फरक आहे. काही राज्यांत मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का चालतो, तर काही राज्यांत पाकीट त्या दिवसापर्यंत पोचावंच लागतं. शेजारच्या घरातला माणूस वेगळ्या राज्याचा असेल, तर त्याचा सल्ला तुम्हाला बुडवू शकतो. २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले आणि त्या जोरावर राष्ट्राध्यक्ष झाले. त्या मोजणीत परदेशातून आलेल्या मतपत्रिकांवरून, त्यांच्या शिक्क्यांवरून आणि तारखांवरून वकील दिवसचे दिवस भांडत होते.

कुणी म्हणेल, एका मताने काय होतं? माझ्या मतदारसंघात काहीच झालं नसतं. तिथला निकाल मोठ्या फरकाने लागला. पण त्याच रात्री लंडनमधल्या हेंडन मतदारसंघात निकाल लागला तो १५ मतांनी. आणि इतकं लांब कशाला जायचं? मुंबईचा वायव्य मतदारसंघ आठवा. जोगेश्वरी, वर्सोवा, अंधेरी, गोरेगाव. आपल्यातल्या कितीतरी जणांची घरं तिथे आहेत. ४ जून २०२४ ला ईव्हीएमची मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. एका! मग टपाली मतं धरली गेली आणि रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. नऊ लाखांवर मतं या दोघांना मिळून पडली होती आणि फैसला टपालाच्या पाकिटांनी केला. तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात याच्याशी मला देणंघेणं नाही. त्या पाकिटांतलं प्रत्येक पाकीट वेळेत आलं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता आपल्या देशाच्या नियमांकडे येतो.

माझे अब्बा १९८३ ला कुवैतला गेले, वेल्डर म्हणून. २००९ ला कायमचे परत आले. मध्ये १९९० साली इराकने कुवैत घेतलं तेव्हा ते अम्मानमार्गे विमानाने मुंबईला आले आणि वर्षभर गावी होते. १९९१ ची लोकसभा निवडणूक तेव्हाच झाली. अब्बा घरी होते, पण यादीत नाव नव्हतं. कारण जो माणूस बाहेर राहतो तो मतदारसंघाचा ‘सामान्य रहिवासी’ नाही, असा तेव्हा कायद्याचा अर्थ होता. अब्बांनी पहिलं मत दिलं २००९ च्या विधानसभेला, वयाच्या ५३ व्या वर्षी. सव्वीस वर्षं त्यांनी पाठवलेल्या पैशांवर आमचं घर उभं राहिलं, गावची मदरसा आणि शाळा दोन्ही दुरुस्त झाल्या. आणि त्या सव्वीस वर्षांत गावच्या रस्त्याबद्दल, धरणाबद्दल, दवाखान्याबद्दल त्यांना एकदाही मत देता आलं नाही.

२०१० साली संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २० क घातलं. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नाही असा परदेशातला भारतीय आता पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार होऊ शकतो. हक्क मिळाला, पण हजर राहायची अट तशीच राहिली. परिणाम बघा. निवडणूक आयोगाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष येऊन मत दिलं २,९५८ जणांनी. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. आपल्या महाराष्ट्रात नोंदलेले ५,०९७ होते. मत दिलं सतरा जणांनी.

सतरा. कोकणातल्या एकेका वाडीतून यापेक्षा जास्त माणसं आखातात आहेत.

आणि देशाला टपाली मताचं तंत्र येत नाही असंही नाही. सैन्यातले जवान आणि परदेशातल्या दूतावासात नेमलेले सरकारी कर्मचारी यांना सेवा मतदार म्हणतात. २०१६ पासून त्यांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाते. ते ती छापतात, भरतात आणि टपालाने परत पाठवतात. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत ती पोचली पाहिजे. म्हणजे जाण्याचा प्रवास काही क्षणांचा झाला, फक्त परतीचा उरला. मग दूतावासातल्या कर्मचाऱ्याला जी सोय आहे, ती त्याच शहरातल्या खेडच्या वेल्डरला का नाही?

हा प्रश्न काही मी पहिल्यांदा विचारत नाही. अबू धाबीतले केरळी डॉक्टर शमशीर वायलिल सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०१८ मध्ये प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत मंजूर होण्याआधी लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने सरकारला कळवलं, की इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकेची सोय परदेशस्थ मतदारांना द्यायला आपण तयार आहोत. ती सोय अजून आलेली नाही.

मी या मागणीच्या बाजूचा आहे. पण दोन शंका आपण स्वतःच विचारल्या पाहिजेत. पहिली प्रतिनिधीमार्फत मत देण्याबद्दल. शारजात नर्स असलेल्या बहिणीचं मत गावात तिचा भाऊ टाकणार. तो तिच्या मनासारखं टाकेल, की आपल्या? आपल्या घरांत बायकांचं मत कोण ठरवतं हे आपल्याला माहीत आहे. ब्रिटनमध्ये ही सोय आहे आणि अडचणीत ती उपयोगी पडते. मलाही २६ जूनपर्यंत तिथल्या एखाद्या मित्राला प्रतिनिधी नेमता आलं असतं. पण नेमणं हा त्या मतदाराचा स्वतःचा निर्णय असला पाहिजे. दुसरी शंका टपाली मताबद्दल. एका खोलीत आठ माणसं राहतात अशा कामगारांच्या छावणीत मतपत्रिका गुप्तपणे भरणार कशी? मालकाचा माणूस शेजारी उभा असेल तर? मला वाटतं, यावर उत्तर म्हणून दूतावासात मतदान केंद्र हवं, निदान तिथे मतपत्रिका भरायची आणि जमा करायची सोय हवी. अशा शंका आपण आधीच मांडल्या तर आपली मागणी कच्ची राहणार नाही.

पण सोय येईल तेव्हा येईल. तोपर्यंत तुम्ही काय करायचं, ते सांगतो. लिहून घ्या.

भारतीय पासपोर्टवर बाहेर जात असाल, तर फॉर्म ६ ए भरा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो भरता येतो. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत लागते. नाव एकाच ठिकाणी ठेवा. मुंबईत एक आणि गावी एक, हा गुन्हा आहे. मत द्यायला याल तेव्हा मूळ पासपोर्ट सोबत हवा, कारण परदेशस्थ मतदाराची ओळख त्यावरूनच पटवतात. आणि पाच वर्षांत एक सुट्टी तरी लग्नाच्या मोसमाऐवजी मतदानाच्या तारखेवर लावता येते का बघा. सतराचे सतराशे झाले, तर मागणीला वजन येईल. नोंदणीच नसेल, तर सरकार म्हणेल की कुणाला हवंय?

ब्रिटनला जात असाल, तर पोचल्यावर बँकेच्या खात्याबरोबरच मतदार नोंदणी करा. निवडणुकीच्या काळात तिथून बाहेर असणार असाल, तर टपाली मताचा किंवा प्रतिनिधीचा अर्ज निवडणूक जाहीर झाली त्याच आठवड्यात करा. मतपत्रिका आली की त्याच दिवशी भरा. सोबतच्या निवेदनावर जन्मतारीख विचारलेली असते. तिथे लोक गडबडीत आजची तारीख लिहितात आणि मत बाद होतं. टपालाला वेळ उरला नसेल, तर तिकडे जाणारा ओळखीचा माणूस शोधा. मतदानाच्या दिवशी त्या मतदारसंघातल्या केंद्रावर तो तुमचं बंद पाकीट फॉर्म भरून देऊ शकतो. आमच्या नात्यातला एक मुलगा ३ जुलैला मुंबईहून लंडनला गेला होता. मला हे ईदच्या फोटोंखालच्या गप्पांमध्ये कळलं, आठवडा उलटून गेल्यावर.

ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय, त्यांना ओसीआय कार्डावर भारतात मत नाही. त्यांनी आपल्या नव्या देशाचा टपाली मताचा नियम आजच वाचून ठेवावा. एकच गोष्ट शोधायची: शिक्का चालतो, की पोचावं लागतं?

मागच्या वर्षी मी अब्बांना माझी ही सगळी गोष्ट सांगितली. कुरिअरला किती पैसे गेले ते विचारून झालं, मग जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्हाला कुवैतमध्ये पत्र यायला पंधरा दिवस लागायचे. म्हणून ईदचं पत्र आम्ही रमजान लागायच्या आधीच टाकायचो."

माझ्या सगळ्या बोलण्यातलं कामाचं वाक्य एवढंच आहे. ईदचं पत्र रमजान लागायच्या आधी टाका.